नाकातला फवारा आणि दाराच्या चौकटीवरची खूण

मागच्या दोन व्याख्यानांत आपण देवीची लस आणि पेनिसिलिन असे मोठे विषय घेतले होते. आजचा विषय त्यांच्यापुढे अगदी किरकोळ वाटेल. आजचा विषय आहे नाक. त्यातही लहान मुलाचं, सतत वाहणारं, शिंकणारं, रात्री बंद होणारं नाक.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. गेली कित्येक वर्षं माझ्या दवाखान्यात एक संवाद जवळजवळ शब्दशः तसाच घडत आला आहे. सात-आठ वर्षांचा मुलगा, तोंड उघडं टाकून बसलेला, डोळ्यांखाली काळसर छटा. तळहात खालून वर नेत नाक पुसायची सवय. याला आम्ही डॉक्टर मंडळी गमतीनं ‘ॲलर्जिक सल्यूट’ म्हणतो. हा सल्यूट वर्षानुवर्षं चालला तर नाकाच्या शेंड्याच्या वर एक आडवी रेघसुद्धा उमटते. मी तपासतो, समजावतो, नाकात मारायचा फवारा लिहून देतो. आई चिठ्ठी वाचते आणि विचारते, “डॉक्टर, यात स्टेरॉइड आहे का?” मी सांगतो, “आहे.” मग एक क्षण शांतता. आणि पुढचा प्रश्न, हळू आवाजात, मुलाला ऐकू जाऊ नये असा: “मग ह्याची उंची खुंटेल का हो?”

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. जगातल्या औषधनियंत्रकांनी, औषध कंपन्यांनी आणि कितीतरी डॉक्टरांनी दोन-तीन दशकं नेमका हाच प्रश्न सोडवण्यात घालवली. आज त्याची गोष्ट सांगतो.

थोडं मागे जाऊ. १८१९ साली लंडनमध्ये जॉन बोस्टॉक नावाच्या डॉक्टरनं एका वैद्यकीय सभेपुढे एका रुग्णाची हकीकत वाचली. दर उन्हाळ्यात डोळे लाल होतात, शिंकांचा सपाटा लागतो, छाती भरते. हा रुग्ण म्हणजे बोस्टॉक स्वतःच होता. असे आणखी रुग्ण मिळवायला त्याला नऊ वर्षं लागली, आणि १८२८ साली तो जेमतेम अठ्ठावीस जणांची नोंद करू शकला. आज आपल्याकडे एखाद्या शाळेच्या एका मजल्यावर तेवढी मुलं सहज सापडतील.

कारण शोधलं ते मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीनं. त्याच्या मुलांनी फुलोऱ्यावर आलेल्या गवताचा एक गुच्छ घरात आणून ठेवला होता. त्याला धक्का लागला, परागांचा ढग उडाला आणि ब्लॅकली शिंकत सुटला. मग त्यानं स्वतःच्याच नाकात, डोळ्यांत, कातडीवर पराग घालून पाहिले. पतंगाला चिकट काचपट्ट्या बांधून उंचावरच्या हवेतले पराग मोजले. १८७३ साली त्याचं पुस्तक आलं. ‘ॲलर्जी’ हा शब्द तर त्यानंतर तेहतीस वर्षांनी, १९०६ साली, व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्केनं तयार केला. पिर्केसुद्धा बालरोगतज्ज्ञ, हे आमच्या जमातीचा अभिमान म्हणून जाता जाता सांगतो.

आपल्याकडे विलायती गवताइतकीच घरातली धूळ आणि त्या धुळीत राहणारे माइट नावाचे सूक्ष्म किडे त्रास देतात. शिवाय गाजरगवत आहेच. भारतात या गवताची पहिली ठळक नोंद १९५०च्या दशकात पुण्यात झाली, आणि आता ते रस्त्याकडेला सगळीकडे आहे. १९९०च्या दशकात जगभरच्या शाळकरी मुलांना एकच प्रश्नावली देऊन दमा आणि नाकाच्या ॲलर्जीचा एक प्रचंड अभ्यास झाला. त्याचं नाव आयझॅक. छप्पन्न देशांतली तेरा-चौदा वर्षांची साडेचार लाखांहून जास्त मुलं त्यात होती, आणि आपल्याकडची पुणे, मुंबई, अकोला ही केंद्रंही. त्यातला नाकाबद्दलचा प्रश्न फार साधा होता: गेल्या बारा महिन्यांत, सर्दी-पडसं झालेलं नसताना, तुला शिंका येणं, नाक वाहणं किंवा चोंदणं असा त्रास झाला का? ‘सर्दी झालेली नसताना’ ह्या तीन शब्दांत सगळं रोगनिदान आहे. आपल्या घरांत मात्र ‘ह्याला सारखी सर्दीच असते’ असं म्हणून विषय संपतो.

आता औषधाकडे. सप्टेंबर १९४८. अमेरिकेत मिनेसोटामधल्या रॉचेस्टरचं मेयो क्लिनिक. संधिवातानं जवळजवळ खिळलेल्या एका तरुण बाईला फिलिप हेंच यांनी एक नवा पदार्थ टोचला. एडवर्ड केंडॉल यांनी तो अधिवृक्क ग्रंथीतून, म्हणजे मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथीतून, ओळखून काढलेला होता. थोड्याच दिवसांत ती बाई चालू लागली. तोच कॉर्टिसोन. दोन वर्षांत, १९५० साली, हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउश राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. इतक्या झटपट नोबेल मिळण्याची उदाहरणं फार नाहीत.

चमत्काराची किंमतही तितक्याच झटपट समोर आली. चेहरा चंद्रासारखा गोल होणं, साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं. आणि मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: उंची थांबणं. १९५६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये, दीर्घकाळ कॉर्टिसोन घेणाऱ्या मुलांच्या उंचीवर आणि हाडांच्या वाढीवर काय परिणाम होतो, यावर सविस्तर लेख आला. म्हणजे माझ्या दवाखान्यातल्या आईची भीती हवेतून आलेली नाही. तिला सत्तर वर्षांचा आधार आहे. फक्त ती भीती गोळ्यांची आहे. महिनोन्महिने पोटात घेतलेल्या, रक्तातून सगळ्या शरीरभर फिरणाऱ्या गोळ्यांची.

मग डॉक्टरांना साहजिकच वाटलं, जिथे दुखतंय तिथेच औषध लावता आलं तर? १९६०च्या दशकात डेक्सामेथासोनचा नाकात मारायचा फवारा निघाला. नाक मोकळं व्हायचं, पण औषध नाकाच्या आवरणातून आणि गिळलेल्या भागातून रक्तात पोचायचं आणि अधिवृक्क ग्रंथीचं स्वतःचं काम मंदावायचं. म्हणजे गोळी तोंडाऐवजी नाकातून दिली, एवढंच.

खरी वाट कातडीतून सापडली, आणि हा माझा या गोष्टीतला आवडता भाग आहे. १९६२ साली मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी एक साधी चाचणी मांडली. हाताच्या कातडीवर स्टेरॉइडचा थेंब लावायचा आणि ती जागा किती पांढरी पडते ते पाहायचं. रक्तवाहिन्या जितक्या आकसतील तितकं औषध जागेवर जोरदार. प्रयोगशाळेत महागडी यंत्रं नकोत, फक्त स्वयंसेवकांचे हात आणि नीट बघणारे डोळे. या चाचणीमुळे, जागेवर जबरदस्त काम करणारी कातडीची मलमं निवडता आली. इंग्लंडमध्ये वेअर या गावी ॲलन अँड हॅनबरीज ही ग्लॅक्सो समूहातली कंपनी होती. तिथल्या संशोधनाचे प्रमुख डेव्हिड जॅक यांनी विचार केला: कातडीवर चालतं, मग श्वासनलिकेच्या आवरणावर का चालू नये? बेक्लोमेथासोन डायप्रोपिओनेट हे औषध त्यांनी दम्याच्या पंपात घातलं. १९७२ साली दम्यावरचे निष्कर्ष छापून आले. पुढच्याच वर्षी नील्स मिगिंद या डॅनिश डॉक्टरांनी तेच औषध नाकात फवारून पाहिलं आणि ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलं. नाकाच्या फवाऱ्यांचं आजचं सगळं घराणं तिथून सुरू झालं. पुढे स्वीडनमधून ब्युडेसोनाइड आलं, मग फ्लुटिकासोन, मग मोमेटासोन. सुरुवातीच्या डब्यांत औषध ढकलायला क्लोरोफ्लुरोकार्बन वायू असायचा. १९८७च्या माँट्रिअल करारानंतर तो ओझोनच्या कारणानं हळूहळू गेला आणि पाण्यातले पंप आले. आज तुम्ही जी पांढरी बाटली खुळखुळ हलवता ती.

इथे एक खुलासा करतो, कारण दर व्याख्यानानंतर कोणीतरी विचारतंच. नाक चटकन उघडणारे थेंब, म्हणजे झायलोमेटाझोलिन वगैरे, हे स्टेरॉइड नाहीत. ते पाच मिनिटांत नाक उघडतात आणि आठवडाभर घातले तर उलट जास्त चोंदवतात. स्टेरॉइडचा फवारा पाच मिनिटांत काहीच करत नाही. त्याला दिवस लागतात. त्यामुळे लोक झटपट गुण देणाऱ्यावर विश्वास ठेवतात आणि सावकाश गुण देणाऱ्यावर संशय घेतात. माणसाचा स्वभाव, दुसरं काय.

आता मुलांकडे येऊ. ही सगळी औषधं आधी मोठ्यांवर तपासली गेली. मुलांना डॉक्टर अंदाजानं देत होते: वजन निम्मं, मग डोस निम्मा. अमेरिकेत हॅरी शर्की नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी १९६०च्या दशकातच मुलांना ‘औषधोपचारातली अनाथ’ म्हटलं होतं. १९६२ साली थॅलिडोमाइड प्रकरणानंतर अमेरिकेत कायदा कडक झाला. औषध सुरक्षित आहे आणि गुणकारी आहे, दोन्ही सिद्ध करा, असा. त्याचा विचित्र परिणाम असा, की कंपन्या मोठ्यांवर सिद्ध करायच्या आणि वेष्टनावर ‘मुलांमधली सुरक्षितता सिद्ध झालेली नाही’ असं छापून मोकळ्या व्हायच्या. १९९७ साली अमेरिकेनं नवी युक्ती काढली. मुलांवर अभ्यास करा, आम्ही तुमची मक्तेदारी सहा महिन्यांनी वाढवतो. आणि मंडळी, औषध कंपन्यांना एकाएकी मुलांबद्दल जो काही जिव्हाळा वाटू लागला! मी टोमणा मारतोय खरा, पण त्या सहा महिन्यांच्या आमिषानं जेवढी माहिती मिळाली तेवढी आधीच्या तीस वर्षांच्या नैतिक आवाहनांनी मिळाली नव्हती, हेही मान्य करायला हवं.

तर प्रश्न: फवाऱ्यानं मुलाची उंची कमी होते का? ऐकायला सोपा. मोजा उंची, झालं. करून बघा म्हणजे कळेल.

पहिली अडचण मोजण्याचीच. माणूस सकाळी उंच असतो आणि संध्याकाळी बुटका. मणक्यांमधल्या गाद्या दिवसभरात दबतात, आणि हा फरक सेंटीमीटरच्या आसपास जाऊ शकतो. आणि आपण शोधतोय काय? वर्षाला अर्धा-एक सेंटीमीटर. म्हणजे एका भेटीत मूल सकाळी मोजलं आणि दुसऱ्या भेटीत शाळा सुटल्यावर मोजलं, की औषधाचा सगळा परिणाम त्यातच बुडून जाईल, किंवा नसलेला परिणाम दिसायला लागेल.

मोजण्याची शिस्त वैद्यकाला शिकवली ती जेम्स टॅनर यांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधल्या हार्पेंडन या गावच्या एका बालकाश्रमातली मुलं त्यांनी आणि रेजिनाल्ड व्हाइटहाउस यांनी वर्षानुवर्षं मोजली. तिथूनच हार्पेंडन स्टेडिओमीटर हे यंत्र आलं, आणि पुढे उंचीच्या बहुतेक गंभीर अभ्यासांत तेच वापरलं गेलं. भिंतीला पक्कं बसवलेलं, डोक्यावर सरकणारी पट्टी, मिलिमीटरपर्यंत आकडा. मूल अनवाणी, टाचा भिंतीला, नजर सरळ समोर, मोजणाऱ्यानं कानामागच्या हाडाखाली हात ठेवून हलकेच वर उचलायचं. एकाच भेटीत पुन्हा पुन्हा मोजायचं. शक्यतो त्याच माणसानं, दिवसाच्या त्याच वेळी. आपल्या शाळांतून होणारी उंचीची मोजणी मी पाहिली आहे. भिंतीवर खडूची रेघ, डोक्यावर कंपासपेटी. त्यातून फार तर मुलगा वाढतोय एवढं कळतं.

एक पळवाटही शोधली गेली होती. नेदरलँड्समध्ये नेमोमीटर नावाचं यंत्र झालं. ते गुडघ्यापासून टाचेपर्यंतचा पाय मिलिमीटरच्या अंशात मोजतं, त्यामुळे काही आठवड्यांत निकाल मिळतो. डेन्मार्कच्या डॉक्टरांनी फवारे आणि पंप यांसाठी ते खूप वापरलं. पण चार आठवड्यांत पायाची वाढ मंदावली, म्हणून वर्षाच्या शेवटी उंची तेवढ्याच प्रमाणात कमी होईल असं नसतं. मुलं झाडांसारखी थांबत थांबत वाढतात. त्यामुळे शेवटी उत्तर द्यायचं तर पूर्ण वर्ष थांबणं आलं.

दुसरी अडचण वयाची. वयात येताना मुलं अचानक उसळी घेतात आणि त्या उसळीत अर्धा सेंटीमीटर कुठेच दिसत नाही. म्हणून निवडायची ती वयात यायच्या आधीची, साधारण तीन ते नऊ वर्षांची, वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर संथपणे वाढणारी मुलं.

आणि तिसरी अडचण माझ्या मते सगळ्यात अवघड. तुलनेसाठी अर्ध्या मुलांना औषध नसलेला फवारा द्यायचा. वर्षभर. बाटली तीच, वास तोच, पण आत औषध नाही. कोणत्या मुलाला काय मिळालं ते डॉक्टरलाही माहीत नाही आणि आईलाही नाही. मुलगा शिंकतोय, रात्री तोंडानं श्वास घेतोय, आणि आपण त्याला मुद्दाम पाणी देतोय! हे चालेल का? उत्तर असं, की या मुलांना ॲलर्जीच्या इतर गोळ्या घ्यायची मुभा ठेवतात, आणि आजार जिवावरचा नसतो. मुलाची स्वतःची संमतीही विचारतात. आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सात वर्षांपुढच्या मुलाला त्याला समजेल अशा भाषेत सांगून त्याचा होकार घ्यावा लागतो, आईवडिलांची सही त्याशिवाय वेगळी. तरीही मला हे सांगायला हवं, की ज्या आकड्यांवर आपण आज निर्धास्त आहोत ते आकडे, वर्षभर पाणी नाकात मारून घेतलेल्या मुलांनी आपल्याला दिलेत.

आता तो अभ्यास. डेव्हिड स्कोनर आणि सहकाऱ्यांचा, ‘पीडिॲट्रिक्स’ मासिकात २००० साली आलेला. शंभर मुलं, सहा ते साडेनऊ वर्षांची, वर्षभर चालणाऱ्या नाकाच्या ॲलर्जीची. निम्म्यांना बेक्लोमेथासोन, दिवसातून दोनदा १६८ मायक्रोग्रॅम, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे नुसताच फवारा. वर्षाअखेरीस प्लासिबोची मुलं सरासरी ५.९ सेंटीमीटर वाढली होती. औषधाची मुलं ५.०. म्हणजे नऊ मिलिमीटरचा फरक, आणि तो पहिल्या महिन्याच्या भेटीपासूनच दिसू लागला होता.

पण त्या निबंधातली खरी धक्कादायक गोष्ट वेगळी आहे. त्या मुलांच्या अधिवृक्क ग्रंथीच्या चाचण्याही केल्या होत्या. त्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. तोपर्यंत वर्षानुवर्षं आम्ही डॉक्टर याच चाचण्यांवर विसंबून सांगत होतो, ‘बघा, रक्तातलं कॉर्टिसोल ठीक आहे, म्हणजे औषध अंगात जात नाही.’ ग्रंथी गप्प होती आणि हाडं मात्र हळू वाढत होती. म्हणजे मोजपट्टी रक्ततपासणीपेक्षा जास्त हुशार निघाली.

हे आकडे छापून येण्याआधीच हालचाल सुरू झाली होती. जुलै १९९८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या सल्लागार समित्या एकत्र बसल्या आणि नोव्हेंबरमध्ये आदेश निघाला: नाकात मारायच्या आणि ओढायच्या सगळ्याच स्टेरॉइडच्या वेष्टनावर मुलांच्या वाढीचा इशारा छापा. सगळ्या. ज्यांचा अभ्यास झालाय त्यांच्यावर आणि ज्यांचा झालेला नाही त्यांच्यावरही.

साहजिकच बाकीच्या कंपन्यांना घाई झाली. मोमेटासोनवरचा एरिक शेंकेल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास त्याच २००० साली, त्याच मासिकात आला. तीन ते नऊ वर्षांची अठ्ठ्याण्णव मुलं, रोज १०० मायक्रोग्रॅम, एक वर्ष. औषधाची मुलं ६.९५ सेंटीमीटर वाढली, प्लासिबोची ६.३५. इथे थांबा. हे आकडे पाहून एका पालकानं मला विचारलं होतं, “म्हणजे हा फवारा मारल्यानं उंची वाढते?” नाही हो! मुलं थोडी, योगायोगाचा हिस्सा मोठा. यातून निघतं ते एवढंच, की उंची घटवणारा मोठा परिणाम दिसला नाही. फ्लुटिकासोनचा अभ्यास २००२ साली आला, दीडशे मुलांचा, आणि त्यातही फरक दिसला नाही.

एकाच घराण्यातली औषधं, मग असं का? उत्तर यकृतात आहे. नाकात मारलेल्या फवाऱ्याचा बराचसा भाग घशातून पोटात जातो. पोटातून यकृतात. नवी औषधं, म्हणजे फ्लुटिकासोन आणि मोमेटासोन, यकृत पहिल्याच फेरीत जवळजवळ संपूर्ण निकामी करतं. नाकात मारलेल्यापैकी दोन टक्क्यांहूनही कमी रक्तात पोचतं. बेक्लोमेथासोनचं तसं नाही. शरीरात त्याचं आणखी जोरदार रूप तयार होतं आणि साधारण चव्वेचाळीस टक्के अंगात मिसळतं. १९७३ साली हे कोणी नीट मोजलेलं नव्हतं.

मग प्रकरण मिटलं का? माझ्यासारख्या अनेकांना २००२ साली तसं वाटलं होतं. नवीन फवारा लिहायचा, आईला सांगायचं, ‘यानं काही होत नाही’. मी तसं सांगितलेलं आहे, लपवत नाही. पण एफडीएतल्या सांख्यिकीवाल्यांचं समाधान झालेलं नव्हतं. शंभर मुलांत नऊ मिलिमीटर दिसतात, तीन मिलिमीटर दिसत नाहीत. आणि न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. २००७ साली त्यांनी अशा चाचण्या कशा करायच्या याची मार्गदर्शिकाच काढली. औषध सुरू करण्याआधी काही महिने मूल नुसतं मोजा, त्याचा स्वतःचा वेग कळू द्या. मग वर्षभर औषध. मग थांबवून पुन्हा मोजा. आणि निकाल सांगताना ‘फरक आहे की नाही’ असं हो-नाहीत सांगू नका, फरक किती आणि त्याची मर्यादा किती ते सांगा.

या पद्धतीनं मोठ्या चाचण्या झाल्या तेव्हा चित्र बदललं. २०१४ साली फ्लुटिकासोन फ्युरोएटवरची चाचणी आली, चारशे चौऱ्याहत्तर मुलांची. फरक वर्षाला ०.२७ सेंटीमीटर. २०१५ साली पुन्हा स्कोनर, यावेळी ट्रायॲम्सिनोलोन, तीन ते नऊ वर्षांची दोनशे नव्व्याण्णव मुलं. फरक ०.४५ सेंटीमीटर. औषध थांबवल्यावर वाढीचा वेग पुन्हा सुरुवातीच्या पातळीकडे आला. म्हणजे ‘काही होत नाही’ हे खरं नव्हतं, आणि ‘उंची खुंटते’ हेही नव्हतं. खरं होतं ते अडीच ते साडेचार मिलिमीटर. पेन्सिलच्या शिशाची जाडी आठवा.

या सगळ्यातली एक गंमत बघा. ज्या ट्रायॲम्सिनोलोनवर स्कोनर हा फरक मोजत होते, त्यालाच अमेरिकेत ऑक्टोबर २०१३ मध्ये चिठ्ठीशिवाय विकायची परवानगी मिळाली, दोन वर्षांपुढच्या मुलांसाठीसुद्धा. वेष्टनावर सूचना अशी, की काही मुलांची वाढ थोडी हळू होऊ शकते, आणि मुलाला वर्षात दोन महिन्यांपेक्षा जास्त लागत असेल तर डॉक्टरांना विचारा.

पण मूल मोठं झाल्यावर काय? हे मिलिमीटर भरून निघतात की कायमचे जातात? नाकाच्या फवाऱ्यांच्या या चाचण्या वर्ष-दीड वर्षात संपल्या, त्यामुळे इथे दम्याच्या पंपाकडून उसनं घ्यावं लागतं. अमेरिकेतल्या कॅम्प या चाचणीत पाच ते बारा वर्षांची १,०४१ मुलं होती. काहींनी चार ते सहा वर्षं रोज ब्युडेसोनाइडचा पंप घेतला. संशोधकांनी त्यांना सोडलं नाही, पंचविशीपर्यंत पाठपुरावा केला. २०१२ साली आकडा आला: प्लासिबोच्या तुलनेत १.२ सेंटीमीटर कमी. पहिल्या एक-दोन वर्षांत जो फरक पडला तो तसाच राहिला, वाढत गेला नाही. आणि हे फुप्फुसात ओढलेलं औषध, नाकातल्यापेक्षा मोठ्या डोसचं, वर्षानुवर्षं. नाकासाठी हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही, पण वरची मर्यादा डोळ्यांपुढे राहते.

आतापर्यंत मी फक्त नुकसानाचं बोललो. गुणाचं काय? तिथेही मुलांनी आम्हाला एक धडा दिला, आणि त्यात मुंबईचा संबंध आहे. मुंबईच्या सिप्ला कंपनीनं ॲझेलास्टिन हे ॲलर्जीचं औषध आणि फ्लुटिकासोन एकाच फवाऱ्यात बसवले. परदेशातले हक्क मेडा या कंपनीनं घेतले, आणि २०१२ साली अमेरिकेत बारा वर्षांपुढच्यांसाठी मंजुरी मिळाली. मग मुलांवर चाचणी झाली, चार ते अकरा वर्षांची ३४८ मुलं, प्लासिबोशी तुलना. नाक वाहणं, चोंदणं, शिंका, खाज, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचे. निकाल? मुख्य गुणांकात फरक दिसला, पण सांख्यिकीच्या उंबरठ्याच्या अलीकडेच अडला. मोठ्यांमध्ये उत्तम चाललेला फवारा मुलांमध्ये नापास!

मग कोणीतरी नेमका प्रश्न विचारला: वही लिहिली कोणी? लहान मुलांचे गुण बऱ्याच घरी आईवडील भरत होते. संशोधकांनी आकडे पुन्हा मांडले तेव्हा दिसलं, की जिथे मुलांनी स्वतः गुण दिले तिथे औषधाचा परिणाम स्पष्ट होता, आणि मुलाचा वाटा जितका कमी तितका परिणाम पुसट. हे विश्लेषण मागाहून केलेलं आहे, त्याला मूळ निकालाइतकं वजन देऊ नये. पण मला ते पटतं. आईला शिंका ऐकू येतात, नाक वाहताना दिसतं. नाकाच्या आतली खाज आणि चोंदलेपण तिला कसं कळणार? २०१५ साली हा फवारा सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी मंजूर झाला.

तेव्हापासून मी दवाखान्यात एक बदल केला. आधी आईला नाही, मुलाला विचारतो, “नाक कसं वाटतंय? शून्य, एक, दोन की तीन?” मुलं फार प्रामाणिक उत्तरं देतात. एकानं ‘अडीच’ सांगितलं.

आणि उंचीच्या प्रश्नाला ‘काही होत नाही’ म्हणत नाही. सांगतो, की वर्षभर रोज मारला तर सरासरी काही मिलिमीटर कमी वाढ होऊ शकते. लागेल तेवढाच, कमीत कमी डोस देऊ. फवारा मारताना मान थोडी खाली, नळी मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या दिशेनं. तीन महिन्यांनी दाखवायला या, कमी करता येतो का बघू. आणि घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं खूण करा, पण नेहमी सकाळी, शाळेत जायच्या आधी.

वेळ संपत आलीय. मागच्या रांगेतून मघापासून एक हात वर आहे, तिथून प्रश्न घेऊ.